ऑनलाइन अत्याचार सोसलेले मूल आणि त्याचे पालक

पोटदुखी, निद्रानाश, शाळेची भीती अशा तक्रारी घेऊन आमच्याकडे येणाऱ्या काही मुलांच्या दुखण्याचे मूळ मोबाइलमध्ये असते. मैत्रीच्या नावाखाली कोणीतरी छायाचित्र मिळविलेले असते आणि ते सर्वांना पाठविण्याच्या धमकीखाली मूल दिवस काढीत असते.

अशा वेळी पालकांचे पहिले वाक्य फार मोलाचे ठरते. ‘तू पाठवलेसच का?’ या प्रश्नाने मूल मिटून जाते. ‘सांगितलेस ते बरे केलेस, दोष तुझा नाही’ एवढ्याने त्यास धीर येतो. धमकी देणाऱ्यास पैसे देऊ नयेत. रागाच्या भरात संदेश पुसू नयेत. खात्याचे नाव, तारीख, वेळ जपून ठेवावी. छायाचित्र मात्र नातेवाइकांनाही पाठवू नये.

चाइल्डलाइन १०९८ येथे चोवीस तास मदत मिळते. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार असा गुन्हा पोलिसांना कळविणे रुग्णालयावरही बंधनकारक आहे; प्रसारमाध्यमांतून मुलाची ओळख उघड करण्यास तोच कायदा मनाई करतो. या दोन्ही गोष्टी आम्ही पालकांना प्रारंभीच सांगतो.

आमची एक उणीवही नमूद केली पाहिजे. पूर्वी केसपेपरच्या खिडकीपासून समुपदेशकापर्यंत मुलास तीच हकिगत तीनदा सांगावी लागे. आता ती एकदाच, स्वतंत्र खोलीत, त्याच्या विश्वासातील व्यक्तीसमक्ष ऐकली जाते. एकमेकांस दोष देणाऱ्या आईवडिलांसाठीही वेगळी वेळ राखली आहे. या समुपदेशनाचे शुल्क घेतले जात नाही. तो भार देणगीदार उचलतात.