शटर जड झालंय? आधी गाईड तपासा

प्रश्न : गॅरेजचं लोखंडी रोलिंग शटर जड जातं, मध्येच अडकतं. घरच्या घरी दुरुस्त होईल का?

उत्तर : बिघाड कुठे आहे, त्यावर ते ठरेल. शटर कमरेइतकं उचला आणि हात न काढता पकड सैल करा. ते जागीच तोललं गेलं तर स्प्रिंग ठीक आहे. दोष बहुधा बाजूच्या गाईडमध्ये. तिथे धुळीत मिसळलेलं जुनं ग्रीस घट्ट बसतं, किंवा गाडीचा धक्का लागून पत्रा आत दबतो. ब्रशने खरवडा, फडक्याने पुसा, दबलेली कड पकडीने सरळ करा आणि सिलिकॉन स्प्रे मारा. पुन्हा ग्रीस नको, ते धूळ धरून ठेवतं. एवढं तुम्ही खुशाल करा.

शटर धाडकन खाली येऊ पाहत असेल, तर मात्र वरच्या पाइपावरची स्प्रिंग सैल झाली किंवा तुटली आहे. ‘मेकॅनिकही पानाच फिरवतो, मग आम्ही का नको?’ हा आक्षेप रास्त वाटतो. पण पट्ट्यांचं वजन तोलणारा सगळा पीळ त्या स्प्रिंगमध्ये साठलेला असतो. शटर बंद असताना तो सर्वाधिक असतो. नट सैल होताच पाइप उलटा गरकन फिरतो आणि पाना मनगटावर बसतो. जाणकार माणूस पाइप आधी जखडून मग पीळ हळूहळू उतरवतो. तो येईपर्यंत अर्धवट उघड्या शटरखालून ये-जा करू नका.