मानेच्या व खांद्याच्या रोहिणी

रिठदसारख्या शेतकरी गांवीं विळ्याचा घाव दंडावर लागला, तर वर पट्टी आवळून रक्त थांबवितां येतें. पण तोच घाव काखेंत लागला, तर हा उपाय चालत नाहीं. असें कां, हें समजण्यास त्या भागांतील रोहिणींची, म्हणजे हृदयाकडून रक्त नेणाऱ्या नळ्यांची, रचना ठाऊक पाहिजे.

हृदयापासून निघालेली महारोहिणी कमानीसारखी वळते. त्या कमानीपासून तीन शाखा निघतात. पहिली उजवीकडे जाऊन दुभंगते; तिचा एक फांटा मानेंत व दुसरा हाताकडे जातो. डावीकडे मात्र मानेची व हाताची रोहिणी कमानीपासूनच निरनिराळ्या निघतात.

मानेंतील ती ग्रीवा रोहिणी. कंठमण्याच्या वरच्या कडेपाशीं तिचे दोन भाग होतात. एक चेहऱ्यास व दुसरा मेंदूस रक्त पुरवितो. कंठमण्याच्या बाजूस दोन बोटें हलकेंच ठेविलीं म्हणजे तिचे ठोके लागतात. दोन्ही बाजू एकदम कधींही दाबूं नयेत. मेंदूचें रक्त कमी होऊन मूर्च्छा येते.

हाताची रोहिणी हांसळीच्या हाडामागून, पहिल्या बरगडीवरून जाते. बरगडी ओलांडल्यावर तिला कक्षा रोहिणी व काख सोडल्यावर बाहु रोहिणी म्हणतात. नांवें निराळीं, नळी एकच. मानेच्या मुळाशीं निघालेल्या तिच्या शाखा आणि काखेंत निघालेल्या शाखा फऱ्याच्या हाडाभोंवतीं एकमेकींस मिळतात. पुरानें मोठा रस्ता अडला असतां गाड्या पांदणीनें फिरून जातात. तसेंच मधली मुख्य नळी हळूहळू बंद झाली, तरी या आडवाटांनीं रक्त हातास पोंचतें. मेंदूचीही अशीच सोय आहे. १८०८ मध्यें लंडनचे शस्त्रवैद्य अॅस्टली कूपर यांनीं एका रोग्याची एका बाजूची ग्रीवा रोहिणी बांधिली. तो पुढें तेरा वर्षें जगला.

परंतु अकस्मात् झालेल्या घावांत या आडवाटांवर विसंबून चालत नाहीं. पट्टी घावाच्या वर, हृदयाच्या बाजूस, आवळावी लागते. आणि काखेच्या वर तर धडच लागतें! म्हणून अशा वेळीं स्वच्छ फडकें घावांत घट्ट भरावें, दोन्ही हातांनीं जोरानें दाबून धरावें, पुनःपुन्हां उचलून पाहूं नये, आणि दाब न सोडतां रोग्यास तत्काळ रुग्णालयांत न्यावें. सृष्टिकर्त्यानें देहांत केलेली ही योजना जाणणें म्हणजे केवळ परीक्षेची तयारी नव्हे. प्रसंगीं शेजाऱ्याचा प्राण त्यावर अवलंबून असतो.