बटाटा आधी, सुरमई मागून

मासे आणि बटाटे ओव्हनमध्ये एकत्र भाजायचे म्हटलं की बऱ्याच पाककृती एका ओळीत उरकतात: सगळं कालवा, ट्रेमध्ये पसरा, १८० अंशांवर अर्धा तास ठेवा. तसं केल्यावर काय होतं ते आमच्या घरी पाहुण्यांसमोरच दिसलं. सुरमईच्या तुकड्या कोरड्या ठणठणीत, त्यांतून सुटलेला पांढरा साका वर गोठलेला, आणि खालचे बटाटे दाताखाली कचकच वाजणारे. पाहुण्यांनी सुरमई भिडेखातर संपवली. बटाटे ताटाच्या कडेला गेले.

दोष ओव्हनचा नव्हता. मासा आतून ६० अंशांच्या आसपास शिजतो. बटाट्याला मऊ पडायला नव्वदीच्या घरात पोचावं लागतं आणि तिथे टिकावंही लागतं. शिवाय माशाला आपण आगळ नाहीतर लिंबू चोळतो. ते आंबट पाणी कच्च्या बटाट्यावर उतरलं की तो लवकर शिजत नाही. रस्साभाजीत आमसुलं बटाटा शिजल्यावर घालतात, ती याचसाठी. माशाचं पाणी सुटलं की बटाटे भाजायचे सोडून वाफवले जातात, ते वेगळंच.

म्हणून बटाट्यांना पुढे पाठवा. अर्धा सेंटिमीटर जाडीचे काप मिठाच्या पाण्यात ५ मिनिटं उकळा, निथळून फडक्यावर कोरडे करा. तेल, ठेचलेला लसूण, मिरपूड लावून ट्रेमध्ये सुटे पसरा. एकावर एक चढवू नका. आधी तापवलेल्या ओव्हनमध्ये २०० अंशांवर, खालचा-वरचा दोन्ही रॉड चालू ठेवून २५ ते ३० मिनिटं भाजा, मध्ये एकदा उलटा. कडा तांबूस झाल्या आणि सुरी अलगद आरपार गेली, की मगच मासा.

तोवर तुकड्यांना मीठ, हळद, आगळ लावून १५ मिनिटं ठेवा. सुटलेलं पाणी ओतून द्या, तुकड्या टिपून घ्या, मग हिरवं वाटण आणि तेल चोळा. फ्रीझरमधली सुरमई असेल तर ती आदल्या रात्रीच फ्रिजमध्ये खाली काढून ठेवा. इंचभर जाडीच्या तुकडीला १२ ते १५ मिनिटं पुरतात. मधल्या काट्यापाशी सुरीचं टोक घालून पाहा: मांस पांढरं होऊन काट्यापासून सुटलं की झालं. काचेसारखं दिसलं तर आणखी २ मिनिटं. अख्ख्या पापलेटाला दोन्ही बाजूंनी चिरा द्या आणि २० मिनिटं धरा. बांगडा इथे छान जमतो, त्याचं तेल बटाट्यांत उतरतं. ओले बोंबील मात्र नकोत. ट्रेमध्ये पाणीच पाणी होतं.

पाहुणे उशिरा येणार असतील तर बटाटे खुशाल भाजून ठेवा, ते थांबतात. सुरमई ओव्हनमध्ये घालायची ती मंडळी घरात आल्यावरच.