करविषयक नोंदी : वर्षभराची शिस्त

राज्यघटनेच्या अनुच्छेद २६५ नुसार कायद्याच्या अधिकाराखेरीज कोणताही कर बसवता किंवा वसूल करता येत नाही. मात्र कायद्याने बसवलेल्या कराची नेमकी रक्कम प्रथम करदाताच मोजतो. आयकर आणि वस्तू व सेवा कर, म्हणजेच जीएसटी, या दोहोंचा पाया स्वयं-आकारणी हा आहे. करदात्याने विवरणपत्रात लिहिलेला आकडा शासन सर्वसाधारणपणे स्वीकारते. शंका आल्यास पुरावा मागते. हा पुरावा म्हणजे करदात्याच्या नोंदी. त्या केवळ शासनाच्या सोयीसाठी नसून लहान व्यावसायिकाचे ते स्वतःचे संरक्षण आहे. प्रस्तुत लेखात या विषयाचा विचार केला आहे.

हिशेबाचे वर्ष

पूर्वी अनेक व्यापारी दिवाळी ते दिवाळी असा हिशेब ठेवत आणि लक्ष्मीपूजनाला नव्या वहीची पूजा करून नवे खाते उघडत. १९८९-९० या आकारणी वर्षापासून आयकरासाठी सर्वांना १ एप्रिल ते ३१ मार्च हे एकच हिशेबी वर्ष लागू झाले. आयकर अधिनियम, १९६१ मध्ये उत्पन्नाचे ‘पूर्व वर्ष’ आणि त्यानंतरचे ‘आकारणी वर्ष’ अशा दोन संकल्पना होत्या. १ एप्रिल २०२६ ही अंमलबजावणीची तारीख असलेल्या आयकर अधिनियम, २०२५ ने त्यांच्या जागी ‘कर वर्ष’ ही एकच संकल्पना आणली.

बंधनकारक नोंदी

व्यवसाय करणाऱ्या व्यक्तीचे त्यातील उत्पन्न २.५ लाख रुपयांहून किंवा उलाढाल २५ लाख रुपयांहून अधिक असल्यास हिशेबाची पुस्तके ठेवण्याची तरतूद २०१७ च्या वित्त अधिनियमाने केली. रोजकीर्द, रोकड वही, खतावणी आणि त्यांना आधारभूत बिले व पावत्या ही या पुस्तकांची मुख्य अंगे होत. जीएसटी नोंदणीधारकाला खरेदी, विक्री, मालाचा साठा, देय कर आणि खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, म्हणजे इनपुट टॅक्स क्रेडिट, यांच्या नोंदी ठेवाव्या लागतात.

लहान व्यावसायिकांसाठी अनुमानित उत्पन्नाची योजना आहे. उलाढाल २ कोटी रुपयांपर्यंत असल्यास, तसेच रोखीने झालेली जमा पाच टक्क्यांपेक्षा अधिक नसल्यास ३ कोटींपर्यंत, तिचा लाभ घेता येतो. रोख विक्रीवर ८ टक्के आणि बँकेमार्फत किंवा डिजिटल पद्धतीने आलेल्या रकमेवर ६ टक्के नफा गृहीत धरला जातो.

एक उदाहरण

एका किरकोळ विक्रेत्याची वार्षिक उलाढाल ८० लाख रुपये आहे, असे मानू. त्यापैकी ५० लाख डिजिटल पद्धतीने व ३० लाख रोखीने आले. अनुमानित नफा ३ लाख अधिक २.४ लाख, म्हणजे ५.४ लाख रुपये होतो. मात्र डिजिटल विक्रीची स्वतंत्र नोंद नसेल आणि सर्वच रकमेवर ८ टक्के दर लागला, तर नफा ६.४ लाख धरला जाईल. व्यवहार तेच, पण नोंदीअभावी करपात्र उत्पन्न एक लाखाने वाढते. प्रत्यक्ष नफा ४ लाखच झाला असेल, तर तो कमी नफा सिद्ध करण्यासाठी हिशेबाची पुस्तके आणि विहित परिस्थितीत लेखापरीक्षणही आवश्यक ठरते.

याच विक्रेत्याने, तो नियमित पद्धतीने जीएसटी भरत असल्यास, ५ लाखांचा माल १८ टक्के कर देऊन घेतला असे समजा. त्याला ९० हजार रुपयांच्या करवजावटीचा हक्क मिळू शकतो; परंतु त्यासाठी बीजक हाती असावे लागते, पुरवठादाराने ते आपल्या विवरणात दाखवलेले असावे लागते, आणि वजावटीस पात्र असल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी कायद्याने दावा करणाऱ्यावरच टाकली आहे. थोडे भांडवल असलेल्या दुकानदाराला ही रक्कम गमावणे परवडणारे नसते.

व्यक्तिगत नोंदी

वेतनदारांनीही वेतनातून कापलेल्या कराचे प्रमाणपत्र, बँकेच्या व्याजाचा तपशील, गुंतवणुकीचे दाखले आणि मालमत्तेची कागदपत्रे जपावीत. २०२१ पासून आयकर विभाग ‘वार्षिक माहिती विवरण’ उपलब्ध करून देतो. त्यात व्याज, लाभांश, रोखे-व्यवहार इत्यादींची माहिती असते. तिचा आपल्या नोंदींशी ताळमेळ घालून मगच विवरणपत्र भरावे. चुकीची नोंद आढळल्यास तेथेच हरकत नोंदवता येते.

मालमत्तेच्या कागदपत्रांना मुदतीचा नियम पुरत नाही. घराच्या बांधकामवाढीवर ६ लाख रुपये खर्च झाले असतील आणि पुढे घर विकताना त्याची बिले नसतील, तर तो खर्च भांडवली नफ्यातून वजा करणे कठीण होते. जुलै २०२४ मध्ये ठरवलेल्या १२.५ टक्के दराने हा फरक ७५ हजार रुपयांच्या कराचा ठरतो.

नोंदी किती काळ जपाव्यात?

१९६१ च्या कायद्याखालील नियमानुसार हिशेबाची पुस्तके संबंधित आकारणी वर्ष संपल्यापासून सहा वर्षे जपावी लागतात. म्हणजे आर्थिक वर्ष २०२४-२५ ची पुस्तके ३१ मार्च २०३२ पर्यंत. जीएसटीच्या नोंदी वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपाव्या लागतात. अपील किंवा चौकशी प्रलंबित असल्यास ही मुदत वाढते.

वर्षाचे वेळापत्रक

• दररोज : जमा-खर्च त्याच दिवशी लिहावा. एका व्यक्तीला एका दिवसात १०,००० रुपयांहून अधिक रोख दिल्यास तो व्यावसायिक खर्च सामान्यतः अमान्य होतो.
• दरमहा : बँक खाते व रोकड वही जुळवावी, खरेदीची बीजके जीएसटी संकेतस्थळावरील विवरणाशी ताडून पाहावीत.
• जून, सप्टेंबर, डिसेंबर व मार्च : प्रत्येक महिन्याच्या १५ तारखेपर्यंत अग्रिम कराचा अनुक्रमे १५, ४५, ७५ व १०० टक्के भरणा अपेक्षित असतो. अनुमानित योजनेतील व्यावसायिकास १५ मार्चचा एकच हप्ता लागू होतो.
• ३१ मार्च : मालाचा साठा प्रत्यक्ष मोजून त्याची यादी करावी.

समारोप

वर्षअखेरीस आठवणीतून जुळवलेला हिशेब आणि घडताक्षणी लिहिलेली नोंद यांचे पुरावा म्हणून मोल सारखे नसते. सुव्यवस्थित विवरणपत्रे आणि ताळेबंद यांच्या आधारे बँका लघुउद्योजकाची पत जोखतात. त्यामुळे नोंदी नसलेला उद्योग संघटित पतपुरवठ्यापासून दूर राहून सावकाराच्या दारी जाण्याची शक्यता वाढते. अर्थव्यवस्थेच्या औपचारिकीकरणाचा अभ्यास करताना विद्यार्थ्यांनी कराच्या दरांइतकेच या साध्या वहीकडेही लक्ष द्यावे. करप्रशासन आणि नागरिक यांच्यातील विश्वासाचा आधार तीच आहे.