जपानच्या बालवाडीतले पहिले महिने

प्रश्न : मी २६ वर्षांची आहे. एप्रिलपासून टोकियोतल्या एका बालवाडीत इंग्रजी शिकवायला जाते आहे. जपानी येत नाही. तिथे रुळेन का, या विचाराने झोप उडाली आहे. सुरुवात कशी करू? – एक वाचक, नाशिक

उत्तर : एप्रिल म्हणजे तिथल्या शाळांचं नवं वर्ष. बरीच मुलंही तुमच्यासारखीच नवखी असतील. सुरुवातीला रडारड होईल; ती मनाला लावून घेऊ नका. ‘ॲपल’चं ‘आप्पुरु’ होईल, कारण जपानी शब्द बहुधा स्वरावर संपतो. टोकू नका, तोच शब्द आपण नीट उच्चारून पुन्हा म्हणा. गाणी रोज तीच ठेवा. कंटाळा तुम्हाला येईल, मुलांना नाही.

कागदपत्रं मात्र लांबणीवर टाकू नका. राहायला गेल्यापासून १४ दिवसांत स्थानिक पालिका कार्यालयात पत्ता नोंदवावाच लागतो. आरोग्य विमा असला तरी उपचाराचा साधारण ३० टक्के खर्च आपला. घर भाड्याने घेताना अनामत आणि कधी कधी परत न मिळणारी ‘रेइकिन’ द्यावी लागते. पहिला पगारही लगेच हाती येत नाही. दोन-तीन महिन्यांचा खर्च गाठीशी असू द्या.

एकटेपणा संध्याकाळी जाणवेल. टोकियोतल्याच एदोगावातल्या निशी-कासाई भागात भारतीयांची मोठी वस्ती आहे, पण तिथे सुट्टीच्या दिवशीच जा. रोजची सोबत सहशिक्षिकांची. त्यासाठी हिरागाना ही जपानी लिपी आजच गिरवायला घ्या. मूळ अक्षरं ४६ आहेत. रोज पाच गिरवलीत तर दहा दिवसांत होतात.