वैर मिटवणारा बळी

प्रश्न : इथिओपियातल्या ओरोमो लोकांत खून झाला, तर जनावर कापून दोन्ही घराण्यांचा समेट घडवतात, असे वाचले. एका बळीने खुनाचे वैर खरेच मिटते का?

उत्तर : मिटते, पण बळी हा शेवटचा टप्पा. या रीतीला 'गुमा' म्हणतात. खुनाचे देणे खुन्याच्या सगळ्या कुळावर येते, त्यामुळे सूड त्याच्या भावावर किंवा चुलत्यावरही उगवला जाऊ शकतो. दोन्ही कुळांतले खाणेपिणे बंद पडते. मग 'जारसा बिया', म्हणजे गावातली जाणती म्हातारी मंडळी, मध्ये पडतात. मृताच्या घरचे सुरुवातीला ऐकूनही घेत नाहीत. मंडळी पुन्हा पुन्हा त्यांच्या दारी जातात. खुन्याने गुन्हा कबूल करावाच लागतो. भरपाई पूर्वी गुरांत ठरे, आता बहुधा पैशांत.

विधी भागागणिक बदलतो. काही ठिकाणी मेंढरू किंवा बैल कापतात आणि दोन्हीकडचे लोक त्याच रक्तात हात बुडवतात. मग हात धुऊन एकत्र जेवायला बसतात. ज्याने आपला मुलगा मारला त्याच्याबरोबर एका पंगतीला बसायचे! माझ्या मते सगळ्यात अवघड गोष्ट हीच, आणि ती चारचौघांदेखत होते म्हणूनच समेट टिकतो.

बळी नेहमी शांततेसाठीच दिला जाई, असे मात्र समजू नका. ओरोमोंच्या 'गडा' व्यवस्थेत दर आठ वर्षांनी सत्ता पुढच्या गटाकडे जाते. त्या वेळच्या 'बुट्टा' सोहळ्यात बैल कापले जात आणि नव्या मुलखावर स्वारीही होई. बाहरे या इथिओपियन धर्मगुरूने 1593च्या सुमारास ओरोमोंच्या स्वाऱ्यांची हकिकत लिहून ठेवली आहे. हीच गडा व्यवस्था 2016 साली युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत आली.

भांडण थांबवण्यात बायकांचा वाटा तर फारच मोलाचा. लग्नात आई मुलीला 'सिंके' नावाची बारीक काठी देते. मारामारी पेटली की विवाहित बायका त्या काठ्या घेऊन मधे उभ्या राहतात आणि पुरुषांना हात आवरावा लागतो; ती काठी ओलांडणे मोठे पाप.

सरकारी कोर्टाची शिक्षा वेगळी चालते. पण तुरुंगातून सुटून आलेल्याला गावात निर्धास्त राहायचे, तर गुमा करावाच लागतो. तोवर मृताच्या नातलगांचा सूड डोक्यावर असतोच.