हूल आणि लबाडी

पोकर हा पत्त्यांचा खेळ एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत रूढ झाला. हातची पाने हलकी असताना ती भारी असल्याचा आव आणून प्रतिपक्षास माघार घ्यावयास लावणे, हे त्यातील मर्म होय. मग ही लबाडी नव्हे काय? आमच्या मते नव्हे. हूल देण्याची मुभा सर्वांस सारखी असते व प्रत्येक जण ते जाणूनच खेळावयास बसतो. परंतु पानांवर खुणा करणे, अथवा दोघांनी संगनमताने तिसऱ्यास लुबाडणे, ही निखालस लबाडी होय.

ही सीमा नेहमीच इतकी स्पष्ट नसते. पोकरमधील नामांकित खेळाडू फिल आयव्ही हे ऑगस्ट २०१२ मध्ये लंडनच्या क्रॉकफर्ड्स या द्यूतगृहात ‘पुंतो बांको’ नावाचा पत्त्यांचाच दुसरा खेळ खेळले. तेथील पानांच्या पाठीवरील नक्षी दोन्ही कडांस तंतोतंत सारखी नव्हती. त्यांच्या सोबतिणीने शुभाशुभाची सबब सांगून पाने वाटणाऱ्या बाईंकडून सत्ते, अठ्ठे व नव्वे तेवढे उलट फिरवून घेतले. बाईंस संशय आला नाही. पुढे पान पालथे असतानाच ते भारी की हलके, हे कडेवरून ओळखता येऊ लागले. सुमारे ७७ लक्ष पौंड जिंकले गेले. द्यूतगृहाने ते देण्याचे नाकारले व प्रकरण न्यायालयात गेले.

आपण केले ते चातुर्य, लबाडी नव्हे, असे आयव्ही यांचे म्हणणे होते. त्यांस मनापासून तसे वाटत होते, हे न्यायाधीशांनीही मान्य केले. तरीही ऑक्टोबर २०१७ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने ती लबाडीच ठरविली. स्वतःचे मन ग्वाही देते, एवढ्याने कृत्य शुद्ध होत नाही, हा त्यातील बोध आम्हांस मोलाचा वाटतो.

मग कसोटी कोणती? आपली युक्ती समोरच्यास उघड सांगितली, तर तो तसाच खेळत राहील काय? पोकरमधील हूल या कसोटीस उतरते; शुभाशुभाची ती सबब उतरत नाही.

लहानपणी दिवाळीत मेंढीकोट खेळताना चुलत भावाची पाने आम्हांस त्याच्या मागील कपाटाच्या आरशात दिसत. आम्ही गप्प राहिलो व डाव जिंकत गेलो. त्याच्या पानांस आम्हीही हात लावला नव्हता. आज त्या जिंकण्याचा आनंद आठवत नाही. आठवतो तो त्याचा निःशंक चेहरा.